नॉबवरचा मोड मागच्या चाकांपर्यंत पोहोचतो का? चाचणीच्या नोंदी

गाडी पेट्रोल टर्बो, इंजिन आडवं बसवलेलं, गिअरबॉक्स ऑटोमॅटिक. एरवी पुढची चाकं ओढतात. मागच्या डिफरन्शियलच्या (डाव्या-उजव्या चाकांत जोर वाटणाऱ्या गिअरपेटीच्या) तोंडाशी कंट्रोलरवर, म्हणजे गाडीतल्या छोट्या संगणकावर चालणारं मल्टिप्लेट क्लचचं कपलिंग आहे, ते आवळलं की मागची चाकंही ओढायला लागतात. नॉबवर इको, नॉर्मल, स्पोर्ट, स्नो, मड आणि सँड असे मोड, आणि शेजारी लॉकचं वेगळं बटण. मोड बदलला की पडद्यावरचं चित्र बदलतं. चित्राखाली नेमकं काय बदलतं, ते बघण्यासाठी हा खटाटोप आहे. ज्यांच्या गाडीत सेंटर डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांत जोर वाटणारा) आहे किंवा हाताने टाकायचं फोर बाय फोर आहे, त्यांना हे सगळं जसंच्या तसं लागू होणार नाही. कर्णावरची (तिरक्या समोरासमोरच्या दोन चाकांची) चाचणी आणि ब्रेकची नोंद मात्र त्यांनीही वाचावी.

४ सप्टेंबर

आधी कपलिंगचं तेल बदललं. ते जुनं असेल तर प्लेटा धरताना-सोडताना थरथरतात, आणि मग दोष मोडचा की तेलाचा हे ठरवता येत नाही. कपलिंग आणि मागचं डिफरन्शियल एकाच घरात बसवल्यासारखे दिसतात, पण दोघांची तेलं वेगळी आणि प्लगही वेगळे. अदलाबदल झाली तर क्लच गेलाच म्हणून समजा. भरायचा प्लग आधी सैल करून बघायचा, निचऱ्याचा त्यानंतर. भरायचा प्लग जाम असला आणि तेल आधीच काढून टाकलेलं असलं, तर गाडी तिथेच अडकून बसते.

पंपाच्या तोंडाला बारीक जाळी असते. पंप काढल्याशिवाय ती दिसत नाही, त्यामुळे तेल बदलतानाही बहुतेक वेळा ती तशीच राहते. माझ्या गाडीत जाळीच्या निम्म्याहून जास्त भागावर काळा, चिकट लेप बसला होता. ही प्लेटांच्या घर्षणातून झडलेली भुकटी. जाळी तुंबली की पंप पुरता दाब देत नाही आणि कपलिंग अर्धवटच आवळतं. पंप खोलून, जाळी धुऊन, परत बसवण्यात दुपार संपली. पण हे केलं नसतं तर पुढच्या एकाही आकड्यावर भरवसा ठेवता आला नसता.

७ सप्टेंबर

रोलर तयार केले. घसरडी जमीन रोज सारखी मिळत नाही. चाक रोलरवर चढवलं की त्याची पकड जवळजवळ शून्यावर येते, आणि तीच परिस्थिती पाहिजे तेव्हा पुन्हा उभी करता येते.

पहिल्या चौकटीत दोनच जाड पाइप होते, दोन्ही टोकांना बेअरिंग. ती कामाची निघाली नाही. टायर दोन पाइपांच्या मधल्या खळग्यात बसतो, बाहेर पडायला त्याला चांगला जोर लागतो. मागची चाकं ओढत असूनही गाडी हलेना. वरवर पाहणाऱ्याला वाटेल की मोडच फसला. मग पाइप बारीक घेऊन एकमेकांजवळ चार बसवले आणि वरचा माथा जवळपास सपाट केला. आता कुठल्याही एका चाकाने खरोखर ओढलं की गाडी अलगद उतरते.

चाक फिरताना बाजूलाही सरकतं, म्हणून दोन्ही कडांना अँगलचे कठडे लावले. गाडी चढवताना चौकट मागे सरकत होती, ती खाली रबरी मॅट टाकल्यावर थांबली. मागच्या चाकांनी अचानक धरलं तर गाडी झटक्यात पुढे निघते. तेव्हा समोर मोकळी जागा हवी आणि समोर माणूस कधीही उभा राहता कामा नये. चाकंही फार वेळ फिरवायची नाहीत. पुढची आणि मागची चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरत राहिली की तो सगळा फरक कपलिंगच्या प्लेटा खातात. अशा गाड्या दोन चाकं वर आणि दोन रस्त्यावर ठेवून टो करू नका असं मॅन्युअलमध्ये म्हणतात, तेही याच कारणासाठी.

९ सप्टेंबर

ओबीडी सॉकेटला (गाडीच्या संगणकातले आकडे वाचायच्या जोडणीला) ब्लूटूथ अ‍ॅडॉप्टर लावून चारही चाकांचे वेग, पेडल, इंजिनचा टॉर्क (फिरवणारा जोर) आणि कपलिंगला गेलेला हुकूम एकदम वाचायला घेतले. अ‍ॅडॉप्टर एकेक आकडा पाळीने विचारतो. यादी जितकी लांब, तितका प्रत्येक आकडा उशिरा येतो. चाक घसरून पुन्हा धरेपर्यंतचा सगळा खेळ दोन आकड्यांच्या मध्येच उरकत होता.

उपाय दोन. एका वेळी दोनच आकडे वाचायचे. आणि चाकांसाठी मोबाइलचा स्लो मोशन व्हिडिओ. टायरच्या बाजूला पांढऱ्या टेपची पट्टी चिकटवली, मोबाइल स्टँडवर ठेवला आणि पुढचं-मागचं चाक एकाच चौकटीत घेतलं. सेकंदाला २४० फ्रेम असतील तर कुठलं चाक आधी हललं ते फ्रेम मोजून सांगता येतं. या चाचणीत सगळ्यात उपयोगी ठरली ती ही टेपच. खडूची खूण ओल्या टायरवर टिकत नाही.

१० सप्टेंबर

पुढची दोन्ही चाकं रोलरवर, मागची कोरड्या काँक्रीटवर. पेडल हलक्या पायाने.

इकोमध्ये पुढची चाकं बराच वेळ नुसतीच फिरली, मग मागून धक्का बसल्यासारखी गाडी निघाली. नॉर्मलमध्ये तेच, पण लवकर. पुढच्या टायरवरची पट्टी थोडी वळली आणि मागची हलली. स्नोमध्ये आणि लॉक दाबल्यावर दोन्ही पट्ट्या जवळजवळ एकदमच हलल्या.

इथपर्यंत अपेक्षेप्रमाणे. मग नॉर्मलमध्येच पेडल झटक्यात दाबलं, आणि मागची चाकं स्नोइतक्याच तत्परतेने धरली. कपलिंगला गेलेला हुकूम वाचल्यावर कारण कळलं. कंट्रोलर चाक घसरायची वाट बघत बसत नाही. पेडल किती आणि किती वेगाने दाबलं त्यावरून इंजिन किती ओढणार याचा अंदाज बांधतो आणि कपलिंग त्या प्रमाणात आधीच आवळून ठेवतो. पाय हलका असला तर तो समजतो की पुढच्या दोन चाकांवर काम भागेल.

अडचण नेमकी इथेच आहे. निसरड्यावर शहाणा माणूस हलक्या पायानेच निघतो, आणि त्याच वेळी नॉर्मल मोड मागची चाकं राखून ठेवतो. स्नो किंवा लॉकचा खरा उपयोग हा, की पाय हलका असला तरी कपलिंग आधीपासून आवळलेलं राहतं.

“आधी घसरेल, मगच मागची चाकं लागतील” हे जुनं ज्ञान अजून फिरतं. १९९८च्या सुमारास ऑडी टीटीसारख्या गाड्यांत हाल्डेक्स कंपनीचं कपलिंग आलं, तेव्हा ते खरंच तसं होतं. पुढच्या आणि मागच्या शाफ्टच्या वेगात फरक पडल्यावरच त्यातला पंप दाब तयार करायचा. नंतरच्या पिढ्यांत विजेच्या पंपाने दाब आधीच तयार ठेवायची सोय झाली. आजच्या गाडीत उशीर होतो तो बहुतांशी सॉफ्टवेअरने ठरवलेला असतो, आणि मोड बदलून आपण तोच बदलतो.

१३ सप्टेंबर

मोडमुळे पेडल किती बदलतं? सुरुवातीला थ्रॉटलच्या (इंजिनात हवा सोडणाऱ्या) झडपेची टक्केवारी वाचत होतो. स्नोमध्ये झडप कमी उघडते हे दिसलं, पण स्पोर्ट आणि नॉर्मलचे आकडे एकमेकांत मिसळत होते. टर्बो इंजिनात झडपेच्या आकड्यावरून ओढ ठरत नाही. टर्बो किती हवा कोंबतोय त्यावरही ती अवलंबून असते. म्हणून झडप सोडून इंजिनच्या टॉर्कची टक्केवारी वाचायला घेतली आणि चित्र स्वच्छ झालं. पेडलच्या पहिल्या तृतीयांशात स्पोर्ट सर्वांत पुढे, मग सँड, मग नॉर्मल. स्नो आणि इको बरेच खाली. पेडल तळापर्यंत नेलं की सगळे एकाच जागी येऊन मिळतात. इंजिनची ताकद कुठल्याच मोडमध्ये वाढत नाही.

स्नोमध्ये गाडी दुसऱ्या गिअरमध्ये निघते आणि पुढचे गिअर लवकर पडतात. चाकावर येणारा जोर त्यामुळे मुळातच कमी होतो. सँडमध्ये उलट, गिअर बराच वेळ खालचाच राहतो.

१७ सप्टेंबर

आता कर्ण. पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक रोलरवर. खड्ड्याखळग्यांच्या वाटेवर गाडी तिरकी लटकते ती हीच परिस्थिती.

लॉक दाबलं, पेडल दिलं. दोन्ही रोलर गरगर फिरले आणि गाडी जागची हलली नाही. लॉकचं बटण पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल एकमेकांना बांधतं, डावं-उजवं चाक बांधत नाही. दोन्ही डिफरन्शियल साधे आहेत. साधा डिफरन्शियल दोन्ही बाजूंना सारखाच टॉर्क देतो, म्हणजे मोकळं चाक जेवढा पेलू शकतं तेवढाच पकड असलेल्या चाकालाही मिळतो. दोन्ही अ‍ॅक्सलवर एकेक चाक मोकळं असेल तर लॉकने काहीच साधत नाही.

इथे सोडवतो तो ब्रेक. फिरणाऱ्या चाकाला इलेक्ट्रॉनिक्सने ब्रेक लावला की डिफरन्शियलला तिथे अडथळा सापडतो आणि तेवढाच टॉर्क त्याच अक्षावरच्या दुसऱ्या बाजूच्या चाकालाही जातो. फरक पडतो तो मोडमुळे. नॉर्मलमध्ये चाक फिरलं की ट्रॅक्शन कंट्रोल (चाकाचं घसरणं आवरणारी यंत्रणा) पहिल्यांदा इंजिनचाच गळा दाबतो. पेडल खाली, पण टॉर्कचा आकडा पडलेला. ब्रेक चाक धरतो, पण चाकापर्यंत जोरच पोहोचत नाही. मडमध्ये इंजिन कापलं जात नाही, फक्त ब्रेक लागतो. पेडल तसंच धरून ठेवलं तर कर्कश घर्र घर्र आवाज येतो, गाडी थरथरते आणि मग उतरते.

तो आवाज ऐकून पाय आपोआप उचलला जातो. पाय उचलला की ब्रेक सुटतो, आणि पहिले पाढे पंचावन्न. पेडल एका जागी स्थिर ठेवायचं आणि यंत्रणेला दोन-तीन सेकंद द्यायचे. माझ्या शेजारी बसलेल्या मित्राने प्रत्येक वेळी पाय उचलला आणि प्रत्येक वेळी गाडी तिथेच राहिली. त्याच मोडमध्ये, त्याच रोलरवर पेडल धरून ठेवल्यावर निघाली.

ट्रॅक्शन कंट्रोल बंद करायचं बटण माझ्या गाडीत फक्त इंजिन कापणं थांबवतं, ब्रेकचं काम चालू ठेवतं. सगळ्या गाड्यांत असं नसतं. काहींत दोन्ही जातं, आणि मग कर्णावर अडकलेली गाडी निघण्याची आशाच संपते. आपल्या गाडीत काय होतं ते रुतल्यावर शोधू नका.

२० सप्टेंबर

दिवस वाया गेला तो टायरपायी. सरळ, सपाट रस्त्यावर पेडल सोडून गाडी नुसती धावत असतानाही पुढच्या चाकांचा वेग मागच्यापेक्षा किंचित जास्त दिसत होता. सेन्सर, कनेक्टर, अ‍ॅडॉप्टर सगळं तपासलं. शेवटी खोली मोजायचा गेज टायरच्या खाचांत घातला, तर पुढचे टायर मागच्यांपेक्षा २ मिलिमीटर जास्त झिजलेले.

२ मिलिमीटर किरकोळ वाटतात. पण माझ्या २२५/६० आर १७ टायरचा घेर सुमारे २२०० मिलिमीटर आहे, आणि २ मिलिमीटर झिजेने तो साडेबारा मिलिमीटरने घटतो. म्हणजे अर्ध्या टक्क्याहून थोडा जास्त फरक. ताशी १०० किलोमीटरला पुढचं चाक मागच्यापेक्षा मिनिटाला चारएक फेऱ्या जास्त घेतं. कपलिंग सैल असेल तर चालून जातं. पण निसरड्यासाठीचा मोड लावून लांब अंतर काढलं, तर प्लेटा सतत एकमेकींवर घासत राहतात. घसरण ओळखणाऱ्या कंट्रोलरलाही पुढची चाकं कायमच थोडी घसरताहेत असं वाटत राहतं.

पुढचे टायर मागे, मागचे पुढे करून झीज हळूहळू बरोबरीला आणायला घेतली. चाचणीसाठी मात्र तेवढं थांबता येत नव्हतं, म्हणून सारख्या झिजलेल्या चार टायरांचा संच तात्पुरता चढवला. पुढच्या नोंदी त्या संचावरच्या आहेत. ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडीला दोनच नवे टायर घालायचा सल्ला कुणी दिला, तर आधी गेज घालून बघा.

२४ सप्टेंबर

ओल्या गवताचा चढ, सुमारे २० टक्के. कागदावरचा हिशेब सोपा आहे. चारही चाकं ओढत असतील तर असा चढ चढायला घर्षणांक ०.२ पुरतो. फक्त पुढची ओढत असतील आणि त्यांच्यावर गाडीचं निम्मं वजन असेल, तर ०.४ लागतो. चढावर वजन मागे झुकतं, त्यामुळे प्रत्यक्षात पुढच्या चाकांची गत याहून वाईट होते.

चढाच्या मध्यावर थांबून पुन्हा निघायचं, ही खरी कसोटी. इकोमध्ये पुढची चाकं आधी फिरली, त्यांनी गवत सोलून खाली चिखल केला, आणि मागची चाकं कामाला लागेपर्यंत पुढच्यांखालची पकडच गेली. नॉर्मलमध्ये निघाली, पण दोन हिरवे पट्टे उपटून. स्नोमध्ये जागच्या जागी घसरणं जवळपास नाहीच. स्पोर्टमध्ये कपलिंग लवकर आवळतं, पण पेडल इतकं तिखट होतं की चारही चाकं एकदम सुटली.

मोड चढाच्या पायथ्याशी लावला तर फरक स्पष्ट दिसला. अर्ध्यावर घसरल्यानंतर लावला तर फारसा नाही. पकड पुसून गेलेली असते, आणि आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

२८ सप्टेंबर

सुट्टी वाळू. स्नो इथे साफ पडला. पेडल मवाळ, गिअर वरचा, वेगच जमेना, आणि वाळूत वेग मेला की चाकं खाली खणत जातात. सँडमध्ये इंजिन कापलं गेलं नाही, गिअर खाली राहिला, गाडी तरंगत गेली. तरी वळण घेताना वेग पडला आणि रुतली.

मागेपुढे करत काढण्याच्या प्रयत्नात पडद्यावर कपलिंग तापल्याचा इशारा आला आणि मागची चाकं थांबली. स्वतःला वाचवण्यासाठी क्लच सुटतो. सगळ्यात जास्त गरज असते त्या क्षणी गाडी पुन्हा दोन चाकांची होते. त्यानंतर नॉब कुठेही फिरवा, काही होत नाही. इंजिन चालू ठेवून थंड व्हायची वाट बघावी लागली, त्यात बराच वेळ गेला.

वाट बघता बघता चारही टायरची हवा ३३ वरून १८ पीएसआयवर आणली. टायरचा ठसा लांबतो, वजन पसरतं, चाक वाळूत कमी रुततं. इशारा गेल्यावर गाडी नॉर्मलमध्येच, एका प्रयत्नात बाहेर आली. सँड मोडने जे दिलं त्याहून कितीतरी जास्त हवा काढल्याने मिळालं. कॉम्प्रेसर सोबत असेल तरच हवा काढायची. इतक्या कमी हवेवर वेगाने किंवा झटक्यात वळलं तर टायर रिमवरून निसटू शकतो.

१ ऑक्टोबर

कोरडं डांबर, लॉक दाबलेलं, स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवलेलं, चालण्याच्या वेगाने. पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळात जातात, पण लॉक दोघांना एकाच वेगाने बांधतो. गाडी ब्रेक लागल्यासारखी अडली आणि टायर उड्या मारत घासले. एवढं पाहून थांबलो. चाळिशीच्या आसपास वेग गेला की माझ्या गाडीत लॉक आपोआप सैल होतो आणि वेग उतरला की पुन्हा आवळतो. पडद्यावरचा दिवा मात्र दोन्ही वेळा तसाच पेटलेला राहतो.

४ ऑक्टोबर

ही चाचणी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटत होती, कारण मोड लावल्यावर माणसं जास्त वेगाने चालवतात हे मी शेजारी बसून पाहिलं आहे.

ओल्या गवतावर आणि सुट्ट्या खडीवर एकाच खुणेपासून जोरात ब्रेक लावले, मोड बदलत. थांबण्याच्या अंतरात मोडप्रमाणे पडलेला फरक, एकाच मोडमध्ये पुन्हा पुन्हा ब्रेक लावल्यावर जेवढा फरक पडतो त्याच्या आतच राहिला. ब्रेक चारही चाकांना आधीपासूनच असतात, त्यात कपलिंग काही भर घालत नाही. काही गाड्यांच्या कच्च्या रस्त्याच्या मोडमध्ये एबीएस (ब्रेक लावल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) बदललेलं असतं. चाक थोडं जास्त अडू दिलं की त्याच्यापुढे खडीची वळकटी जमते आणि अंतर घटतं. माझ्या गाडीत तसं काही दिसलं नाही.

वळणावर स्नो मोड नक्कीच शांत वाटतो. पेडल चुकून जास्त दाबलं तरी चाकं सुटत नाहीत. पण टायरला बाजूने जेवढी पकड आहे तेवढीच राहते. चार चाकांनी निघून सहज वेग घेणारी गाडी थांबताना आणि वळताना दोन चाकांनी ओढणाऱ्या गाडीसारखीच वागते. निघताना जे जमिनीबद्दल कळायला हवं, ते मोड झाकून ठेवतो. म्हणून आता मोड लावल्यावरही मोकळ्या जागी एकदा ब्रेक दाबून बघतो. एबीएस किती लवकर थरथरतं त्यावरून रस्ता कसा आहे ते कळतं.

६ ऑक्टोबर

शेवटची तपासणी. प्रत्येक मोड लावून इंजिन बंद केलं आणि पुन्हा सुरू केलं. इको लक्षात राहतो. स्नो, मड, सँड आणि लॉक पुसले जातात आणि गाडी नॉर्मलवर येते. चढावर थांबून इंजिन बंद केलं तर निघण्याआधी मोड पुन्हा लावावा लागतो. सिग्नलला आपोआप बंद होणारं इंजिन मात्र मोड विसरत नाही. मड लावल्यावर बंद केलेलं ट्रॅक्शन कंट्रोलही पुन्हा सुरू केल्यावर परत चालू होतं, तेव्हा तेही बघून घ्यायचं.

रोलर करणाऱ्यांनी बेअरिंग निवडताना गाडीच्या एकूण वजनाच्या एक तृतीयांश भार एका चौकटीवर येईल असं धरावं. गाडी उतरताना एक कड क्षणभर बरंच वजन घेते, तिथे माझी पहिली वेल्डिंग तडकली होती. आता त्या कडेला खालून पट्टी जोडली आहे.